मदत हवी आहे: लेकीला मेकॅनिकलला बाहाच्या टीममध्ये जायचंय, पुढे नोकरीत याचा उपयोग होतो का?

नमस्कार मंडळी. मुलगी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पश्चिम महाराष्ट्रातलं एक ऑटोनॉमस कॉलेज, राहायला हॉस्टेल. मी प्राथमिक शिक्षिका, हे बँकेत. नात्यागोत्यात या शाखेचं कुणी नाही, म्हणून इथे विचारतेय.

कॉलेजची बाहा एसएईइंडियाची टीम आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: खडबडीत रस्त्यावर पळणारी, एकाच माणसाची गाडी मुलं स्वतः डिझाइन करून बांधतात आणि स्पर्धेला नेतात. आपल्याकडे २००७ पासून चालू आहे, शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत असते. (लेक सुट्टीला आली की पानावर बसल्याबसल्या रोल केजच्या, म्हणजे चालकाभोवतीच्या पिंजऱ्याच्या, पाइपांची जाडी ऐकावी लागते.)

पहिल्या वर्षाचा पॉइंटर (दहापैकी सरासरी गुण) ८.१ आहे. गाडी बांधायला घेतली की लेक्चरं बुडतात, एखादी केटीही लागते, म्हणजे विषय राहतो, असं सीनियरच सांगतात. ह्यांचं म्हणणं, पॉइंटर सांभाळ आणि गेटच्या (एमटेकच्या प्रवेश परीक्षेच्या) तयारीला लाग. त्यात हॉस्टेलचं वेगळंच. मुलींचं फाटक नऊला बंद, मुलांचं साडेदहाला आणि तेही नावापुरतं. वर्कशॉपचं खरं काम जेवणानंतर सुरू होतं म्हणे. टीममध्ये मुली अगदी थोड्या, आणि हिला आत्ताच सांगून टाकलंय की तू कॉस्ट रिपोर्ट (गाडी बनवायच्या खर्चाचा हिशेब) आणि स्पॉन्सरशिप बघ, त्याला वर्कशॉपला यावं लागत नाही.

तर कॅम्पसला आणि पुढे चार-पाच वर्षांनी नोकरी बदलताना या अनुभवाला खरंच कुणी विचारतं का? पॉइंटर कितीपर्यंत घसरला तर चालतो? आणि नुसता कॉस्ट रिपोर्ट करून काही पदरात पडतं का? 'आवड आहे तर करू द्या' एवढं नका लिहू, ते घरात मीच बोलतेय.

प्रतिसाद: खडखडाट

काकू, मी चिंचवडला सस्पेन्शन डिझाइनला आहे, बाहा करूनच आले. सर्टिफिकेट कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही. मुलाखतीत विचारलं, 'स्प्रिंग रेट किती घेतला होता?' म्हणजे स्प्रिंग किती कडक. मी आकडा सांगितला. 'तोच का?' मग बराच वेळ त्या 'का'वरच गेला. पुढच्या चाकांवर वजन किती येतं, मोशन रेशो किती (चाक हललं की स्प्रिंग त्याच्या किती पट हलते), उडीवरून पडल्यावर गाडी किती खाली बसते. मला सांगता आलं, कारण आदल्या वर्षी आमचा लोअर आर्म, म्हणजे चाक धरणारा खालचा दांडा, वाकला होता आणि ते सगळं गणित मी पुन्हा मांडलं होतं. माझ्याच टीममधली एक मैत्रीण तीन वर्षं फक्त स्पॉन्सरशिप आणि इन्स्टाग्राम बघत होती. ती त्याच खोलीतून पाच मिनिटांत बाहेर आली. हुशारीत माझ्यापेक्षा कांकणभर सरसच होती.

तेव्हा टीममध्ये जाऊ दे, पण गाडीचा एखादा भाग स्वतःच्या नावावर घेऊ दे. कॉस्ट रिपोर्टही टाकाऊ नाही हं. कुठला पार्ट कोणत्या मशीनवर होतो, किती वेळ लागतो, हे वर्कशॉपमध्ये उभं राहून लिहिलं तर पुढे कॉस्टिंग-पर्चेसला सोनं आहे. गेल्या वर्षीच्या शीटमध्ये आकडे बदलले तर शून्य.

फाटकाचं आम्ही असं केलं: फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरच्या सहीचं पत्र, त्यात मुलींची नावं आणि तारखा, परत सोडायला सिक्युरिटी. रेक्टर बाईंनी दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा घेतलं. एकटीने मागू नका, सगळ्या मुलींनी मिळून मागा.

प्रतिसाद: टॉलरन्स

ताई, मी प्लँटला आहे, नव्या पोरांच्या मुलाखती घेतो. बऱ्याच कंपन्यांची पहिली चाळणी दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नको, अशी असते. तिथे बाहा-बिहा काही चालत नाही, नाव यादीतच येत नाही. म्हणून पॉइंटर सातच्या खाली नको आणि केटी तर नकोच. मात्र चार-पाच वर्षं नोकरी झाल्यावर तो पॉइंटर आम्ही बघतही नाही. परदेशी एमएसला जायचं असेल तर वेगळी गोष्ट.

गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, स्कोअर तीन वर्षं चालतो. एवढी घाई नाही, हे साहेबांना सांगा. शिवाय वर्कशॉप काही टीमच्या मालकीचं नसतं. वेल्डिंगच्या मामांकडे दुपारी जाऊन बसली तरी ते शिकवतात. माझ्या बॅचला जे काही हाताने येतं ते मामांमुळेच.

प्रतिसाद: सध्या_आयटी

माझा भाऊ बाहाचा कॅप्टन होता. आज जावा लिहितो. कोअरचा, म्हणजे मेकॅनिकलच्याच नोकरीचा, सुरुवातीचा पगार ऐकला आणि गेला. टीमचं काय उपयोगी पडलं विचारलं तर म्हणतो, पस्तीस पोरांकडून वेळेत काम करून घेणं. हेही धरून चाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. खडखडाट, तुझा प्रतिसाद तिला जसाच्या तसा पाठवला. आत्ता फोन झाला. सस्पेन्शन आणि ट्रान्समिशन सीनियरांनी आधीच वाटून घेतलंय, ब्रेकला माणूस कमी आहे म्हणे. ब्रेक घेतला तर चालेल? की ते किरकोळ काम समजतात?

प्रतिसाद: खडखडाट

डोळे मिटून घ्यायला सांगा. सगळ्या टीमना एकसारखंच दहा हॉर्सपॉवरचं इंजिन मिळायचं आणि त्याला हात लावायला बंदी, त्यामुळे ताकदीवर कुणी मोठं व्हायचं नाही. ब्रेकचं मात्र सरळ आहे: चाचणीत चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी शर्यतीत उतरूच देत नाहीत. पेडल रेशो (पायाचा जोर किती पट होतो), ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा बोअर म्हणजे आतला व्यास, पुढे-मागे किती जोर द्यायचा, सगळं तिलाच काढावं लागेल. आणि हो, ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे तेलाच्या नळ्यांतली हवा काढायला, दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. फाटकाच्या त्या पत्रात दोन नावं घाला.