कपाटातलेच कपडे पुन्हा पुन्हा वापरात यावेत यासाठीचे ॲप: रचनेबद्दल सल्ला हवा

रंगरेषा, पुणे

नमस्कार मंडळी.

मी इंटरफेस डिझाइनचे काम करते आणि गेले पाच महिने एका सहकाऱ्यासह एक मोबाइल ॲप तयार करते आहे. घरात आहेत तेच कपडे अधिक वेळा आणि अधिक वर्षे अंगावर यावेत, एवढाच त्याचा हेतू आहे. सकाळी ॲप उघडले की त्या दिवसाचे हवामान, ऑफिसला जायचे आहे की घरगुती कार्यक्रमाला, आणि कोणते कपडे बरेच दिवस नुसतेच पडून आहेत, हे पाहून ते दोन-तीन जोड्या सुचवते. विक्रीचे दुवे त्यात नाहीत आणि पुढेही घालायचे नाहीत.

ओळखीतल्या काही जणींना ते वापरायला दिले, तेव्हा पहिली अडचण लगेच समोर आली. आम्ही सुरुवातीलाच सगळ्या कपड्यांचे फोटो मागत होतो. माझ्या मावशीने रविवारची दुपार घालवून पलंगावर साड्यांचा ढीग मांडला, एकतिसाव्या साडीला चहाची वेळ झाली, आणि उरलेला ढीग फोटोविना कपाटात परत गेला. त्यानंतर तिने ॲप उघडलेले नाही.

दुसरी अडचण वर्गवारीची आहे. आम्ही पाहिलेल्या परदेशी ॲपमध्ये वरचा कपडा, खालचा कपडा आणि पादत्राणे अशी मांडणी असते. साडीला ‘पूर्ण पोशाख’ म्हटले की ब्लाउज आणि परकर हिशेबातून सुटतात, आणि सुटा कपडा म्हटले की ॲप तिच्यासोबत जीन्स सुचवते. तिसरा प्रश्न असा, की एखादा कपडा पुन्हा घातल्याने किती पाणी आणि किती कार्बन वाचला हा आकडा दाखवावा का? सहकाऱ्याचा आग्रह आहे. माझे मन घेत नाही.

*

बारा_गडगडा, नाशिक

तुमच्या मावशींनी ॲप सोडले यात त्यांचा काही दोष नाही. कपाटाची पूर्ण यादी पहिल्याच दिवशी मागणे म्हणजे स्वयंपाकाला लागण्याआधी फडताळातला प्रत्येक डबा मोजायला लावण्यासारखे आहे. त्याऐवजी जो कपडा आज अंगावर चढतो आहे तेवढ्याचाच फोटो घ्या, तोही इस्त्री करून दाराच्या हुकाला अडकवलेला असताना. महिनाभरात नेहमीचे कपडे आपोआप नोंदले जातील. जे कधीच घातले जात नाहीत ते या पद्धतीने यादीत येणार नाहीत, आणि तुमच्या कामाचे खरे कपडे तर तेच आहेत, म्हणून आठवड्यातून एकदा ‘एकच खण उघडा आणि त्यातले तीन कपडे नोंदवा’ एवढी छोटी विनंती करावी. दहा मिनिटांच्या वर जाणारे काम मागू नये.

फोटो फोनमध्येच राहू द्यात. मागची भिंत आणि पलंग काढून टाकण्याचे काम आता मध्यम किमतीच्या फोनवरही, सर्व्हरला फोटो न पाठवता, होऊ शकते. बायकांच्या कपाटांचे आणि झोपायच्या खोल्यांचे फोटो आहेत. ते दुसरीकडे जात नाहीत असे पहिल्याच पडद्यावर साध्या मराठीत लिहा आणि ते खरे ठेवा. यादीसाठी लहान आकाराचा फोटो पुरतो, नाहीतर दोनशे कपड्यांत फोन भरून जाईल.

आणखी एक गोष्ट म्हणजे कपड्याची आजची अवस्था. तो स्वच्छ आहे, धुवायला टाकला आहे की इस्त्रीला गेला आहे, हे ॲपला ठाऊक नसेल तर सूचना फुकट जाते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये जाड सुती कपडा दोन दोन दिवस दोरीवर ओलाच असतो, त्यामुळे तिथे ‘वाळतो आहे’ ही अवस्थाही लागेल. आमच्याकडे मे महिन्यात तोच कपडा तासाभरात खडखडीत वाळतो, म्हणजे हा कालावधी गावानुसार बदलता हवा.

*

माया_राखून, कोल्हापूर

मी बावीस वर्षे ब्लाउज शिवते, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिते.

साडीला माप नसते, माप असते ते ब्लाउजला. साडेपाच मीटरची साडी वीस वर्षांपूर्वी नेसली तशी आजही नेसता येते. ब्लाउज मात्र बाळंतपणानंतर किंवा चाळिशीनंतर दंडात आणि छातीत दाटतो, आणि मग चांगली भरजरी साडी केवळ त्याच्यापायी वर्षानुवर्षे खाली येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका ‘ही साडी जुनी झाली’ म्हणतात, तेव्हा मी आधी ब्लाउज उलटा करून शिवण पाहते. आत दोन्ही बाजूंना बोटभर माया, म्हणजे शिवणीत राखलेले जास्तीचे कापड, ठेवलेली असली की एक-दोन टिपा उसवून अर्ध्या तासात तो अंगाला येतो. तयार विकत घेतलेल्या ब्लाउजांत पुष्कळदा ही माया नसते, तेव्हा काखेत तुकडा जोडावा लागतो.

म्हणून तुमच्या ॲपमध्ये साडी, ब्लाउज आणि परकर या तीन स्वतंत्र नोंदी असाव्यात आणि एका ब्लाउजला अनेक साड्या जोडता याव्यात. काळा, सोनेरी आणि मरून असे तीन नीट बसणारे ब्लाउज असले तर दहा-बारा साड्या पुन्हा नेसण्याजोग्या होतात, आणि त्या कोणत्या हे ॲपने दाखवले तर त्याचा मोठा उपयोग होईल. कपडा बरेच दिवस वापरला नाही असे दिसले की नुसती आठवण करून न देता कारण विचारा: ब्लाउज होत नाही, फॉल सुटला आहे, हूक तुटला आहे, डाग आहे, की मनातून उतरली आहे? पहिल्या चार कारणांवर शंभर-दोनशे रुपयांत इलाज आहे. शेवटचे कारण असेल तर ती साडी बहिणीला, सुनेला किंवा मैत्रिणीला देण्याचा मार्ग दाखवावा.

पैठणीसारख्या जरीच्या साडीची आठवण वेगळी हवी. ती एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिली तर घडीच्या रेषेवर जरीचा धागा तुटतो, म्हणून दर काही महिन्यांनी घडी बदलावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी.

आणि कपड्याचा शेवटही नोंदवू द्या. आमच्याकडे जुन्या सुती साडीची आधी बाळाची दुपटी होतात, मग गोधडी आणि शेवटी पायपुसणे. बोहारणीला कपडे देऊन भांडे घेणे हादेखील त्याच क्रमातला भाग आहे. ‘काढून टाकले’ असे एकच बटण ठेवलेत तर हे सगळे पुसले जाईल.

*

उभा_आडवा_धागा, इचलकरंजी

आकड्याबद्दल तुमचे मन घेत नाही ते योग्य आहे. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी हा आकडा सगळीकडे फिरतो, पण कापूस पावसावर पिकला की पाटाच्या पाण्यावर, रंगाई कुठे झाली, यावर तो खूप बदलतो. तुमच्या वापरकर्तीच्या कुर्त्याला तो चिकटवणे प्रामाणिकपणाचे नाही. २०२२ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने अशाच सरासरी आकड्यांवरची कपड्यांची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली होती.

ॲपला नक्की ठाऊक असलेला आकडा एकच आहे, तो म्हणजे कपडा किती वेळा घातला. तोच मोठ्या अक्षरांत दाखवा आणि किमतीला त्याने भागा. वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार, एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण जगभरात पंधरा वर्षांत ३६ टक्क्यांनी घटले होते. तुम्हाला नेमके तेच प्रमाण वाढवायचे आहे, मग मोजायचेही तेच.

*

रंगरेषा, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. कार्बनचा पडदा काढून टाकला आहे आणि साडी-ब्लाउजची जोडणी नव्याने मांडायला घेतली आहे. मायाताई, ‘ब्लाउज होत नाही’ हे कारण आमच्या पाच महिन्यांच्या आराखड्यात एकदाही आले नव्हते.

नवरात्राच्या नऊ रंगांसाठी दरवर्षी नवी खरेदी होते. त्याऐवजी ॲपने त्या दिवसाचा रंग आपल्याच कपाटात शोधावा, काठात किंवा पदरात असला तरी चालेल, आणि नसलाच तर ऑफिसातल्या मैत्रिणीकडून उसना मागता यावा, असे योजले आहे. उसनी साडी नोंदवताना ती कोणाची आणि परत कधी द्यायची, याखेरीज आणखी काय विचारावे?

*

माया_राखून, कोल्हापूर

परत देण्याआधी ती ड्रायक्लीनला द्यायची की घरी धुवायची, हे जिची साडी आहे तिनेच आधी भरून ठेवावे. माझ्याकडे रंग गेलेल्या उसन्या साड्या पुष्कळ येतात. आणखी एक सुचवते: बटणावर ‘घातली’ असे लिहू नका, साडीसाठी ‘नेसली’ लिहा, आणि पहिल्या नोंदीला ‘घडी मोडली’.