मदत हवी आहे: महाराष्ट्र आणि इटली एकाच नकाशावर

गणपतीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मुलांसाठी नकाशांचं छोटं प्रदर्शन आहे. मुख्य तक्त्यावर इटलीवर महाराष्ट्र ठेवायचाय. क्षेत्रफळात आपण किंचित मोठेच: ३,०७,७१३ चौ.कि.मी., इटली साधारण ३,०२,००० चौ.कि.मी. (ऐकून कुणाचाच विश्वास बसत नाही!) पण मर्केटर नकाशावर (विषुववृत्तापासून लांबचे प्रदेश फुगवून दाखवणाऱ्या नेहमीच्या जगाच्या नकाशावर) इटली दीडपटीहून मोठी दिसते.

आधी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या ॲटलासवर बटर पेपर ठेवून गिरवलं. दोन्ही पानांची प्रमाणं वेगळी, त्यामुळे सगळं मुसळ केरात. मग क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मॉलवाइडे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची, क्षेत्रफळं खरी राखणारी एक पद्धत) लावलं. क्षेत्रफळं जुळली, पण महाराष्ट्र डावीकडे कलला, कोकण पार तिरकं. देश सरकवून दाखवणाऱ्या वेबसाइटवरचं चित्र ए१ कागदाएवढं मोठं केलं की फाटतं, म्हणजे धूसर होतं.

भारताची सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घेतली आहे, ती बदलायची नाही. लॅपटॉप जुना आहे आणि पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यायचं नाही.

आता विचार असा की दोन्हींना लॅम्बर्टचं समक्षेत्र प्रक्षेपण लावायचं, पण प्रत्येकाचा मध्यबिंदू वेगळा धरायचा. तसं केल्यावर महाराष्ट्राचा आकार उचलून इटलीवर ठेवताना प्रमाण तेच राहावं, यासाठी क्यूजीआयएसमध्ये नेमकं काय करायचं?