स्ट्राइक फायटर्स 2: मिग-21 बिसला मॅजिक मिसाइल लावायचंय, लोडआउटमध्ये येतच नाही

ओझरकर21
नमस्कार मंडळी, चार रात्री झाल्या याच्यामागे लागलोय. आपल्या हवाई दलाच्या बिसवर फ्रेंच मॅजिक असायचं ना, या लढाऊ विमानांच्या गेममधलं बिस मात्र फक्त सोव्हिएत मिसाइलं घेतं. बाबा ओझरला एचएएलमध्ये मिगच्याच लाइनवर होते, त्यांना बरोबर लोड लावलेलं विमान दाखवायचंय म्हणून ही धडपड. एका वेपन पॅकमधलं (गेममध्ये जादा शस्त्रं घालायचा संच) मॅजिकचं फोल्डर सेव्ह्ड गेम्सच्या आत ऑब्जेक्ट्स, त्याच्या आत वेपन्स, तिथे टाकलं. वजन 89 किलो, व्यास 0.157 मीटर, सगळं तपासलं. फ्रेंच मिराज विमानावर दिसतं, मिगवर नाही!! एका जुन्या ट्युटोरियलमध्ये वेपन एडिटर चालवा असं लिहिलंय, तो मला कुठेच सापडत नाहीये.

सुखोईप्रेमी
विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, फाइलच्या नावामागे टीएक्सटी चिकटलंय का ते बघ. माझा एकदा अख्खा रविवार त्यात गेला होता.

पायलॉन_काका
मिराजवर दिसतंय म्हणजे फाइल, फोल्डर, नाव सगळं ठीक आहे, तिकडे आता वेळ घालवू नकोस. आणि वेपन एडिटर विसर, तो पहिल्या पिढीच्या गेमसाठी होता, तेव्हा सगळी शस्त्रं एकाच डेटा फाइलमध्ये असायची, आता प्रत्येकाचं फोल्डर वेगळं.

तुझी अडचण पायलॉनची आहे, म्हणजे विमानाखाली शस्त्र अडकवायच्या खांबाची. मॅजिकच्या डेटा फाइलमध्ये अटॅचमेंट टाइप अशी एक ओळ आहे, तिथे फ्रान्स लिहिलेलं असणार. मिगच्या डेटा फाइलमध्ये प्रत्येक पायलॉनला तीच ओळ असते, तिथे सोव्हिएत आणि डब्ल्यूपी (वॉर्सा करारातले देश). दोन्हीकडचा एक तरी शब्द जुळला तरच गेम ते शस्त्र यादीत दाखवतो. आता बरेच जण काय करतात, मिसाइलच्या फाइलमध्ये सोव्हिएत घालून मोकळे होतात, तसं अजिबात करू नकोस बाबा, उद्या पूर्व जर्मनीची मिगसुद्धा मॅजिक घेऊन अंगावर येतील. बदल विमानाच्या बाजूला कर. बिसचं फोल्डर कॉपी करून वेगळं भारतीय बिस बनव, मूळ डेटा फाइल कॅट फाइलमधून (गेमच्या फाइलींचा गठ्ठा) एक्स्ट्रॅक्टर नावाच्या टूलने काढावी लागेल, आणि ज्या पायलॉनवर हवंय त्याच्या ओळीत स्वल्पविराम देऊन फ्रान्स जोड. त्याच पायलॉनच्या अलाउड वेपन क्लासमध्ये आयआरएम, म्हणजे उष्णतेमागे जाणारी मिसाइलं, आहे का तेही बघ, नसेल तर शब्द जुळूनही काही होणार नाही. लोड लिमिट किलोत असतं, 89 किलोला ते आड येणार नाही.

ओझरकर21
काका आलं!!! डाव्या पायलॉनला दिसलं तेव्हा खुर्चीतून उठलोच. फक्त 1971 च्या मिशनमध्ये गायब होतंय, 1980 च्या मिशनमध्ये बरोबर येतं. परत कुठे चुकलं?

पायलॉन_काका
चुकलं काहीच नाही, स्टार्ट इयर बघ. मॅजिक सत्तरच्या दशकाच्या मध्याला सेवेत आलं, 71 ला ते कुणाकडेच नव्हतं, तो आकडा तसाच राहू दे. आणि 71 ला आपल्याकडे बिस नव्हतंच, मिग-21 चंच जुनं एफएल होतं, त्यावर के-13 हे सोव्हिएत मिसाइल. 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग गेले ते 57 मिलिमीटर रॉकेटं घेऊन. ते मिशन करायचं असेल तर एफएल घे आणि 16 रॉकेटांचा पॉड लाव, त्या पायलॉनच्या क्लासमध्ये आरसीकेटी, म्हणजे रॉकेट, लागेल. वळताना मिसाइल नीट सुटत नाही असं वाटलं तर मॅक्स लाँच जी, म्हणजे मिसाइल सोडताना विमान किती जोरात वळत असलं तरी चालतं, हा आकडा तपास. के-13 सोडताना विमान जवळजवळ सरळ ठेवावं लागायचं, मॅजिक जोरात वळतानाही सुटतं, आणि कुणी के-13 च्या फाइलीवरून मॅजिक बनवलं असेल तर तिथे जुनाच आकडा राहिलेला असतो.

सुखोईप्रेमी
हे लाँच जी चं मला माहीतच नव्हतं, माझ्या आर-60 मिसाइलमध्ये पण हाच घोळ असणार, आजच बघतो. धन्यवाद काका.

ओझरकर21
आकडा खरंच के-13 चाच होता, बदलला. काल रात्री बाबांना बोलावलं, त्यांनी चष्मा लावला, कॅमेरा पंखाखाली न्यायला सांगितला आणि मिसाइलच्या तोंडाशी एकामागे एक असे पंखांचे दोन संच आहेत का ते मोजून बघितलं. म्हणाले, हेच. मग अर्धा तास रिव्हेट आणि पॅनेलबद्दल बोलत होते, इतकं ते कधी बोलत नाहीत. आता एफएलचे रॉकेट पॉड घेतो करायला.