अहवाल, पत्रक की गोषवारा? दूध संघाच्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरसाठी शब्द हवा आहे

मृण्मयी_स
एका दूध संघासाठी इंग्रजी टिपण मराठीत करते आहे. विषय असा: संकलन, लेखा, पशुखाद्य या विभागांतल्या लोकांना डेटाबेसमधून आपले आपण रिपोर्ट काढता यावेत, दर वेळी संगणक विभागाच्या दारात उभं राहायला लागू नये, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? मथळा मी असा केला: 'बिगरतांत्रिक व्यावसायिक वापरकर्त्यांसाठी वापरस्नेही विदागार-अहवाल प्रणाली'. लेखा विभागातल्या बाईंनी तो वाचून विचारलं, "अहवाल तर आपण वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला छापतो, त्याला सॉफ्टवेअर कशाला?" आणि 'व्यावसायिक वापरकर्ते' म्हणजे गोठेवाले, असं त्यांनी धरलं. मला तर रिपोर्टला अहवालच शिकवलेला आहे. तुम्ही काय लिहाल?

अव्वल_कारकून
बाईंचं बरोबर आहे. अहवाल वाचायचा असतो, पत्रक बघायचं असतं. अहवालात कोणीतरी सांगत असतो: काय झालं, का झालं, पुढे काय करावं. पत्रकात रकाने आणि आकडे, बाकी काही नाही.

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात झाली. तिथे नमुना, पत्रक, उतारा, गोषवारा हे चार शब्द चार कामांचे. नमुना म्हणजे ठरलेला साचा. गाव नमुने 1 ते 21 आहेत. तो भरून तयार झालं ते पत्रक. त्यातलं एकाच गटाचं किंवा एकाच खातेदाराचं उतरवून दिलं तो उतारा. आणि सगळ्या बेरजा एका पानावर आणल्या की गोषवारा. सातबारा गट क्रमांकाने निघतो, आठ-अ खातेदाराच्या नावाने. जमीन तीच, विचारणारा वेगळा. तुमच्या सॉफ्टवेअरला याहून वेगळं काय करायचं आहे?

कोडेकर
काका, तुमचे चारही शब्द मी उद्यापासून वापरणार. आम्ही सगळ्यालाच 'रिपोर्ट' म्हणतो आणि मग ग्राहकाला नेमकं काय हवंय हे कळायला आठवडा जातो.

'बिगरतांत्रिक' या शब्दाबद्दल थोडं. हा माणूस संगणकवाले पन्नास वर्षं शोधत आहेत. कॉड यांचा रिलेशनल डेटाबेसवरचा, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायच्या पद्धतीवरचा, लेख 1970 चा. त्यावर चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्ये 1974 साली सीक्वेल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा मांडली, आजच्या एसक्यूएलची आई. त्यांच्या लेखात ही भाषा कोणासाठी, तर संगणकातले तज्ज्ञ नसलेल्यांसाठी, असं लिहिलंय आणि उदाहरणात पहिलाच माणूस हिशेबनीस आहे! प्रत्यक्षात ती भाषा प्रोग्रामरच शिकले. मग झ्लूफ यांची कोऱ्या तक्त्यात उदाहरण भरून विचारायची पद्धत आली, मग रिपोर्ट काढायची तयार साधनं: नव्वदीत क्रिस्टल रिपोर्ट्स, 2003 मध्ये टॅब्लो कंपनी, 2015 मध्ये पॉवर बीआय. प्रत्येकाने हिशेबनिसाला तेच वचन दिलं.

म्हणून 'बिगरतांत्रिक' मला पटत नाही. लेखा विभागातल्या बाई त्यांच्या कामात पुरत्या तज्ज्ञ आहेत. 'विभागातील कर्मचाऱ्यांसाठी' लिहा, संपलं.

सुधन्वा
पत्रक चालेल, पण गोषवारा आणि अहवाल हे परके शब्द आपण किती दिवस कुरवाळणार? अहवाल हा अरबी 'हाल'चा अनेकवचनी 'अहवाल'. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणून. आज आपल्याकडे 'प्रतिवेदन' आहे, 'संक्षेप' आहे, डेटासाठी 'विदा' हा तर विद् धातूपासून केलेला किती सुरेख शब्द आहे! ते वापरलेच नाहीत तर रुळणार कसे? दिनांक आणि महापौर हे शब्दही एकेकाळी लोकांना जड वाटत होते.

परभणीकर
प्रतिवेदन हिंदीवाल्यांचं आहे, मराठीत ते कोणी बोलत नाही. आणि गोषवारा परका? आमच्या मराठवाड्यात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सातबारा नसायचा, 'पहाणीपत्रक' असायचं. निजामाच्या राज्यातलं दप्तर उर्दूत, तिथला 'गोशवारा' आमच्या आजोबांना रोजच्या वापरातला. गोष म्हणजे गोष्ट, गोष्टीचं सार तो गोषवारा, असं ते सांगायचे.

अव्वल_कारकून
आजोबांना नमस्कार, पण व्युत्पत्ती तशी नाही. फारसीत गोश म्हणजे कान आणि गोशवारा म्हणजे कानातलं, डूल. हिशेबाच्या कागदाला हे नाव कसं पडलं यावर तर्क पुष्कळ आहेत. कागदाच्या कडेला बेरजा लटकत्या ठेवत म्हणून, असं आमचे एक तहसीलदार सांगत. त्याला पुरावा मात्र मी पाहिलेला नाही.

सुधन्वा
म्हणजे कानातल्याला हिशेब म्हणायचं, आणि 'संक्षेप' नको!

कोडेकर
सुधन्वा, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे. पण सॉफ्टवेअर निवडताना हा वाद फार महाग पडतो, तो कसा ते सांगतो. डेटाबेसमधल्या रकान्यांची नावं प्रोग्रामरने त्याच्या सोयीने ठेवलेली असतात: 'एमबीआर_सीडी', 'क्यूटीवाय_एलटीआर'. रिपोर्टिंगच्या चांगल्या साधनात यांच्यावर कामकाजातल्या शब्दांचा एक थर चढवता येतो, म्हणजे वापरणाऱ्याला 'सभासद क्रमांक', 'लिटर', 'फॅट' एवढंच दिसतं. नव्वदीत बिझनेस ऑब्जेक्ट्सने याच थराला 'युनिव्हर्स' नाव देऊन धंदा उभा केला. साधन सोपं की अवघड हे निम्म्याहून जास्त या थरावर ठरतं, रंगीत बटणांवर नाही. तिथे 'दुग्धस्निग्धांश' लिहिलंत तर संकलन केंद्रावरचा मुलगा 'फॅट' शोधत बसेल.

मृण्मयीताई, संघाला एवढं नक्की कळवा: पुरवठादार आपल्या गुळगुळीत नमुना-डेटावर प्रात्यक्षिक दाखवतो, ते बघून काही ठरवू नका. संघाचाच मागच्या तीन महिन्यांचा डेटा द्या आणि लेखा विभागातल्या बाईंना माउस हातात घेऊ द्या. पुरवठादाराच्या माणसाने मागे उभं राहायचं, बोलायचं नाही. प्रश्न त्यांच्या कामातला: 'मागच्या बिलात कोणत्या संस्थांचं दूध वाढलं आणि फॅट घसरलं?'

साधनांपैकी मेटाबेस मुक्त-स्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. झोहो अ‍ॅनालिटिक्स चेन्नईच्या कंपनीचं आहे. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, पण केलेलं काम कार्यालयात इतरांना रीतसर वाटायचं म्हटलं की परवान्याचे पैसे सुरू होतात. कुठलंही घ्या, ही परीक्षा घ्या.

दुधाळ_हिशेब
मी दुधाच्याच हिशेबात आहे, म्हणून मध्ये बोलते. 'वापरस्नेही' शब्दाचा मला रागच येतो, कारण ही साधनं एका टिचकीत 'सरासरी' देतात आणि ती चुकीची असते. एका संस्थेचं 100 लिटर 3.5 फॅटने आलं, दुसरीचं 1000 लिटर 4.5 ने. दोन आकड्यांची सरासरी 4.0 दाखवेल. संघाच्या टाकीत पडलेल्या दुधाची खरी फॅट साधारण 4.41. लिटरचा भार धरलाच नाही तर पैशाचं गणित कोसळतं. हे सूत्र एकदा जाणत्या माणसाकडून त्या थरात बसवून घ्या आणि त्याला 'सरासरी फॅट' हेच नाव द्या, म्हणजे कोणी कच्च्या रकान्याची सरासरी काढणार नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. आकडा 12,34,567 असा लाखात तुटतो का, की 1,234,567 असा येतो? आणि सभासदांची नावं युनिकोडमध्ये आहेत का? जुन्या फॉन्टमध्ये भरलेली नावं पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन येतात, त्यांचा अनुक्रमही लागत नाही. पीडीएफमध्ये 'ज्ञानेश्वर' आणि 'श्रीकृष्ण' नीट उमटतात का, तेही छापून बघा.

मृण्मयी_स
हे सगळं टिपणात घालते, फार उपयोगाचं आहे. म्हणजे 'पत्रक' घेऊ? आणि 'वापरस्नेही'च्या जागी नुसतं 'सोपं'?

सुधन्वा
'सुलभ' घ्या. 'सोपं' लेखी मजकुरात पातळ वाटतं.

परभणीकर
सुलभ म्हटलं की लोकांना शौचालय आठवतं. सोपं हाच खरा मराठी शब्द. आपलीच भाषा लिहायला कमीपणा का वाटावा?

सुधन्वा
एका संस्थेने नाव घेतलं म्हणून शब्द सोडून द्यायचा? ज्ञानेश्वरीच्या भाषेतले शब्द आपण अशानेच घालवले.

दुधाळ_हिशेब
मथळ्यापेक्षा मला वेगळीच काळजी आहे. इंग्रजी साधनांत आकडे कशाप्रमाणे एकत्र करायचे ते सांगणारं 'ग्रुप बाय' असतं, त्याला मराठी पडद्यावर काय लिहितात? 'गट करा' लिहिलं तर आमच्याकडे बचत गट समजतील. आम्ही बोलताना 'संस्थावार', 'गाववार', 'महिनावार' म्हणतो. 'वार' हा प्रत्यय या कामाला असा चपखल बसतो की दुसरं काही लागतच नाही.

अव्वल_कारकून
शाब्बास. खातेवार, पीकवार, तालुकावार. दप्तरात हेच चालायचं. 'निहाय' अलीकडे वर्तमानपत्रांनी बोकाळवला.

कोडेकर
काका, 'जिल्हानिहाय' तर शासन निर्णयांतही आहे. आणि 'वार'ची अडचण अशी की दिवसाच्या नावाशी गल्लत होते. 'वारवार संकलन' कसं लिहाल? 'वारनिहाय'च लिहावं लागेल.

अव्वल_कारकून
'दिवसवार' लिहा.

कोडेकर
दिवसवार म्हणजे 1 तारीख, 2 तारीख असं होईल. मला सोमवारचं सगळं दूध एकत्र हवंय, मंगळवारचं एकत्र.

परभणीकर
'निहाय' आला कुठून हे आधी कोणी सांगेल का? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत कोणी बघितलाय? घरी कोश असेल त्यांनी कृपया पान बघून लिहा, ऐकीव नको.