दाल मिल टाकतो आहे, पण नेमकी कशासाठी?

दारव्ह्याकडचा:
नमस्कार मंडळी. घरची सात एकर, कपाशीत तुरीचं तास. मिनी दाल मिल टाकायचं डोक्यात आहे, पीएमएफएमई म्हणजे केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेतून ३५ टक्के अनुदान भेटते म्हणून कागदपत्रंही गोळा केले. पण परवा जेवता जेवता बाबांनी विचारलं, तुले मिल पाह्यजे का मिलवाला म्हणवून घ्यायचं आहे? माहा घास तसाच राह्यला. खरं सांगतो, तीन स्थळं येऊन गेले, पोरगा शेती करते म्हटलं की लोक चहा अर्धा ठेवून उठतात. मग मी हे धंद्यासाठी करून रायलो का बायोडाट्यासाठी? कोणी यातून गेलं असन तर सांगा.

अकोटवाला:
भाऊ, मी २०२१ मध्ये टाकली होती. चुलतभावानं ट्रॅक्टर घेतला, मले त्याच्या वरचढ काहीतरी पाह्यजे होतं, बस. उद्घाटन जोरात झालं. मग तुरीले तेल लावा, मुरवा, पाणी मारा, ताडपत्रीवर दिवसच्या दिवस वाळवा, उन्हात पाय पोळतात अन् चुनीचा भुसा नाकातोंडात. मार्चमध्ये आभाळ आलं तेव्हा मी एका लग्नात होतो, गड्याचा फोन आला, पण चुलतभाऊ बाजूलेच बसला होता म्हणून उठलो नाही. दहा क्विंटल भिजली, लोकाईची तूर होती ती. दुसऱ्या वर्षी मशीन विकली. अन् अनुदान हातात येत नाही बरं, बँकेतच अडकून राहते, तीन वर्षं कर्जखातं नीट चाललं तरच कर्जात वळतं होते.

बचतगटाची ताई:
दादा, लग्नासाठी धंदा करणं काही वाईट नाही. आमच्या गटात कोणी पोरीच्या फीसाठी आली, कोणी नवऱ्यापुढं हात पसरायला नको म्हणून. आम्ही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल घेतली, गावची तूर भरडून देतो, क्विंटलमागं ७० किलोच्या आसपास डाळ निघते, चुनी ढोरांना. पोरीची फी दर वर्षी भरावी लागते, म्हणून ती बाई दर वर्षी येते. तुमचं लग्न एकदाच होणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिलवर कोण जाईल ते सांगा. एक सीझन दुसऱ्याच्या मिलवर काढून पाहा ना आधी.

दारव्ह्याकडचा:
ताई, दुसऱ्या दिवसाचा विचारच केला नव्हता. शेजारच्या गावच्या मिलवाल्याशी बोललो, फेब्रुवारीपासून रोजानं जातो. फाईल सध्या कपाटात ठेवली. बाबा काही बोलले नाही, सायकलीत हवा भरून ठेवली फक्त.