२३ जुलैच्या आदली रात्र

२३ जुलै म्हटलं की लोकमान्य टिळक (१८५६) आणि क्रांतिकारक चंद्रशेखर आझाद (१९०६) यांचे जन्मदिन आठवतातच. त्यात १९२७ची भर घालतो: त्या दिवशी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई रेडिओ केंद्र सुरू झालं.

पण मला भिडते ती आदली रात्र. २२ जुलै १९०८ला रात्री मुंबई हायकोर्टात टिळकांना राजद्रोहाबद्दल ६ वर्षं हद्दपारीची शिक्षा सुनावली गेली. उजाडताच त्यांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती! शिक्षेआधी ते कोर्टात जे बोलले, ते शब्द आज त्याच दालनाबाहेर संगमरवरी पाटीवर कोरलेले आहेत. वाचताना अंगावर काटा येतो. आणि आझाद? तिकडे भाबरा गावात जेमतेम २ वर्षांचे होत होते.