‘मंडळी म्हणजे इमारत नव्हे’: पण तसं म्हटलं होतं कुणी?

लिहिता हात
नव्याने बायबल वाचू लागलेल्यांसाठी प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका करतो आहे. वाचन कुठून सुरू करावं, बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, प्रार्थना पाठच हवी का, असे नेहमीचे प्रश्न. बाकीचं जमलं, पण एका वाक्यावर चार दिवस अडलोय. प्रश्न असा: ‘रविवारी चर्चला गेलंच पाहिजे का?’ मूळ इंग्रजी उत्तर सुरू होतं ते ‘चर्च म्हणजे इमारत नव्हे, माणसं’ असं. मराठी बायबलमधला शब्द ‘मंडळी’, म्हणून मी लिहिलं, ‘मंडळी म्हणजे इमारत नव्हे, विश्वास ठेवणारी माणसं.’ एका मित्राला वाचून दाखवलं, तो ख्रिस्ती नाही. तो म्हणाला, ‘मंडळी म्हणजे माणसंच की. इमारत कोण म्हणतंय?’ मग ‘चर्च म्हणजे इमारत नव्हे’ असं केलं, तर घरचे म्हणाले, मराठी बायबलात ‘चर्च’ आहे कुठे? मला दोघांचंही पटतं. काय ठेवू?

ओसरी
वाक्यच काढून टाका. तुमच्या मित्राने लाखमोलाची गोष्ट सांगितली आहे. इंग्रजीत जे समजावून सांगावं लागतं ते मराठीत शब्दातच आहे. ज्याला बायबलात ‘मंडळी’ म्हटलंय तो मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. नगरातले नागरिक कारभारासाठी जमत, तीही एक्लेसियाच. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात इफिसात दंगल उसळते, तिथल्या आरडाओरडा करणाऱ्या जमावालाही हाच शब्द आलाय. जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाच्या, ग्रीक भाषांतरात देवापुढे जमलेल्या इस्राएल लोकांना, म्हणजे हिब्रू ‘काहाल’लाही तोच. याला ‘मंडळी’हून जवळचा मराठी शब्द दाखवा. मराठी माणसाची जी चुकीची समजूत झालेलीच नाही, ती दूर कशाला करायची?

काळी शाई
समजूत झालेली नाही असं कसं म्हणता? लोक बोलतात काय ते ऐका. ‘चर्चला रंग दिला’, ‘चर्च सुटलं’, ‘चर्चने ठरवलं’. पहिल्यात इमारत, दुसऱ्यात उपासना, तिसऱ्यात माणसं. तिन्ही अर्थ एकाच शब्दात, आणि तिन्ही वाक्यं अस्सल मराठी. ‘मंडळी’ उरलाय तो वाचनात आणि उपदेशात.

शिवाय हा शब्द वाटतो तेवढा घरगुती नाही. आपण ‘मंडळी जमली’, ‘घरची मंडळी’ म्हणतो, पण त्याचं अनेकवचन करतो का? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मात्र ‘सात मंडळ्या’ आहेत. जुन्या नाटक मंडळ्या सोडल्या तर ख्रिस्ती घराबाहेर ‘मंडळ्या’ कुणी ऐकलंय? नवा वाचक ओळखीचा शब्द बघून आत येतो आणि इथे ठेचकाळतो. परका शब्द असता तर निदान सावध तरी राहिला असता.

उपासक
‘मंडळ्या’ मी लहानपणापासून ऐकतोय, मला कधी खटकलं नाही.

आठवण सांगतो. माझे आजोबा आजीबद्दल बोलताना ‘आमची मंडळी’ म्हणत. जुन्या पिढीची रीतच ती, बायकोचं नाव घ्यायचं नाही. आमच्या कौटुंबिक प्रार्थनेत इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला जायचा, ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली तशी पतींनी पत्नीवर करावी. मला वाटायचं, दोन्हीकडे बायकोबद्दलच लिहिलंय. पुढे कळलं की मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हणतात, तेव्हा लहानपणीचा अर्थ अगदीच चुकीचा नव्हता म्हणून डोळ्यांत पाणी आलं. भाषांतर करणाऱ्याच्या मनात हे नसेलही. पण ‘चर्च’ लिहिलंत तर हे सगळं जातं.

रानवारा
मग ‘गिरिजाघर’ का नको? हिंदीत चालतो. गिरिजा म्हणजे पार्वती, पर्वताची कन्या. बायबलात देव डोंगरावर भेटतो, तेव्हा डोंगराशी नातं सांगणारा शब्द शोभेलही.

ओसरी
रानवारा, कल्पना सुंदर आहे, पण त्या शब्दात गिरी नाही आणि पार्वतीही नाही. पोर्तुगीज ‘इग्रेजा’, त्याआधी लॅटिन ‘एक्लेसिया’, त्याच्याही मागे तोच ग्रीक शब्द. ‘पाद्री’, ‘नाताळ’, ‘क्रूस’ त्याच वाटेने आले. गंमत बघा, मुळात माणसांच्या सभेचा शब्द, तो ‘घर’ जोडून इमारत झाला. उलट इंग्रजी ‘चर्च’ ग्रीक ‘कुरियाकोन’वरून आलाय, म्हणजे ‘प्रभूचं’. त्याचा एक्लेसियाशी काहीच संबंध नाही.

जुनं पान
हे भांडण पाचशे वर्षांचं आहे. इंग्रज भाषांतरकार विल्यम टिंडेलने 1526 साली इंग्रजी नवा करार छापला, तेव्हा एक्लेसियाला मुद्दाम ‘चर्च’ न म्हणता ‘काँग्रिगेशन’ म्हटलं, म्हणजे आपली मंडळीच. कॅथलिक विद्वान थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला, कारण माणसं म्हटलं की धर्मपीठाचा अधिकार हलतो. पुढे इंग्लंडच्या राजा जेम्सच्या भाषांतरकारांना नियमच घालून दिला होता, की जुना ‘चर्च’ हाच शब्द ठेवायचा, ‘काँग्रिगेशन’ करायचं नाही. ते भाषांतर 1611 चं. म्हणजे इंग्रजीत ‘इमारत नव्हे, माणसं’ हे वाक्य आज पुन्हापुन्हा लिहावं लागतं, त्यात या निर्णयाचाही वाटा आहे असं मला वाटतं. मराठीने टिंडेलची वाट धरली. ती का सोडायची?

काळी शाई
सोडा कोण म्हणतंय? बायबलात ‘मंडळी’ राहू दे. प्रश्न पुस्तिकेचा आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते 1924 साली छापून आलं. साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी पंडिताऊ शब्द टाळले, आणि त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता होत्या. कळणं आधी, शुद्धता मागाहून.

ओसरी
साधं म्हणजे इंग्रजी नव्हे. ‘मंडळी’ पंडिताऊ आहे का?

उपासक
एक मुद्दा दोघांच्याही हातून सुटतोय. मत्तय 16 मध्ये येशू म्हणतो, या खडकावर मी आपली मंडळी रचीन. रचणं हे बांधकामाचं क्रियापद, ग्रीकमध्येही घर बांधण्याचंच. येशूचा शिष्य पेत्र तर विश्वासणाऱ्यांना जिवंत धोंडे म्हणतो, रचले जाणारे. म्हणजे इमारतीचं चित्र शास्त्रातच आहे, फक्त दगडांच्या जागी माणसं आहेत. मग ‘इमारत नव्हे’ असं धाडकन लिहिणं तरी बरोबर आहे का?

लिहिता हात
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मग ‘नव्हे’ काढून ‘माणसांची रचलेली’ असं काही करून बघतो. पण उत्तर तरी कसं द्यायचं? विचारणाऱ्याला ‘रविवारी गेलंच पाहिजे का’ एवढंच हवंय. त्याला मी ग्रीक सांगत बसलो तर तो पान उलटेल.

ओवी
संडे स्कूलमध्ये शिकवते. मुलांना ‘मंडळी’ अडत नाही, ‘करार’ अडतो. एका मुलीने विचारलं, ‘बाई, जुना करार संपला म्हणून नवा केला का?’ घरी भाडेकराराचं बोलणं चाललेलं असतं, तिला दुसरा अर्थ माहीतच नाही. मी काय सांगावं?

जुनं पान
‘करार’ अरबीतून आलेला, दोन पक्षांनी घासाघीस करून ठरवलेला. देवाच्या करारात घासाघीस नसते, तो देव आपणहून बांधून घेतो. ‘करारा’च्या जागी मूळ ग्रीक शब्द ‘दियाथेके’, त्याचा आणखी एक अर्थ मृत्युपत्र. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक एका अर्थावरून दुसऱ्यावर अलगद जातो. मराठीत मात्र ‘करार’ सोडून ‘मृत्युपत्र’ लिहावं लागतं, आणि तो दुवा तुटतो.

ओवी
मृत्युपत्र मुलांना कसं सांगणार? ‘वचन’ म्हणू का?

काळी शाई
‘वचन’ तर देवाच्या वचनासाठी आधीच गुंतलेला आहे.

रानवारा
माझाही एक शब्द. ‘वल्हांडण’, यहुद्यांचा मिसरातून सुटकेचा सण. मला वाटायचं वल्ह्यावरून आला असेल, तांबडा समुद्र पार केला ना.

उपासक
समुद्र पार करणं नंतरचं. निर्गम 12 मध्ये दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं असतं आणि ते पाहून मृत्यू त्या घराला ओलांडून पुढे जातो. ‘उंबरा वलांडू नको’ असं आमची आजी म्हणायची, त्यातलंच वलांडणं. आता तो शब्द मला फक्त या सणातच भेटतो.

ओवी
वलांडणं! मुलांना उंबऱ्यावरूनच सांगते. येत्या रविवारी तोच धडा आहे.

लिहिता हात
रविवारवरून आठवलं, माझा प्रश्न अजून तिथेच आहे.